माझं कंबरेचं दुखणं

ज्यांना हे दार लावून वाचावं लागेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही आहात हे मला माहीत आहे. कंधारला आहात, उदगीरला आहात, अहमदपुरात माझ्या गल्लीतही असाल. मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. लिहायची सवय नाही, बोलायची मात्र भरपूर आहे, तेव्हा बोलते तसंच लिहिते.

मला टीबी झाला होता, फुफ्फुसाचा. औषधं पूर्ण घेतली आणि बरा झाला. एवढंसं बोलायला मला वर्षाच्या वर लागलं. तोवर आम्ही गावाला सांगत होतो की माझ्या कंबरेची गादी सरकली आहे.

बारीक झाले म्हणून खूश

दिवसभर मशीनवर बसून माझे पाय सुजायचे, म्हणून सकाळी लातूर रोडला चालायला लागले. चालता चालता पळायला कधी लागले ते कळलं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई पंजाबी ड्रेसवर बूट घालून पळते म्हटल्यावर आमच्याकडे काय होणार? रोज कोणीतरी गाडी थांबवायचं.

"ताई, काय झालं? कोन बिमार हाय का? बसा, सोडतो."

एका दूधवाल्याने तर विचारलं, "कुत्रं लागलं का मागं?" मी म्हटलं, "न्हाई दादा, मीच लागले माझ्या मागं." तेव्हापासून तो मला बघितलं की नुसता हॉर्न वाजवायचा.

लातूरला दहा किलोमीटरची शर्यत होती, ती पळाले. मग डोक्यात हैदराबाद शिरलं. तिथं मोठी मॅरेथॉन असते, देशभरची माणसं येतात. त्यात अर्धी असते, एकवीस किलोमीटरची. माझ्या नवऱ्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. तो म्हणाला, "एकवीस किलोमीटर? अगं, एवढ्या लांब मानूस तिकीट काढून जातंय." पण पैसे त्यानेच भरले.

तयारी जोरात सुरू झाली आणि माझं वजन उतरायला लागलं. बायका मापं द्यायला आल्या की आधी मलाच न्याहाळायच्या. "वहिनी, काय खाता हो? आमाला बी सांगा." मी माझेच ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले आणि गुणगुणत घेतले. खोकला होता, पण कापडाच्या धुळीने आम्हा शिवणाऱ्यांना खोकला असतोच. रात्री घामाने उशी भिजायची, मला वाटायचं उकडतंय. दम लागायचा, मला वाटायचं पळणं जास्त होतंय. शरीर बोंबलून सांगत होतं आणि मी आरशात वळून वळून कंबर बघत होते.

मग एका सकाळी रस्त्याच्या कडेला थुंकले, ते लाल होतं. घरी येईपर्यंत मी पळाले नाही, ओढणी तोंडाला लावून चालत आले.

लातूरचा दिवस

लातूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर लावला, थुंकीचा रिपोर्ट बघितला आणि सरळ सांगितलं, "ताई, टीबी आहे. बरा होतो. पण औषध एक दिवस चुकवायचं नाही."

मी विचारलं, "अन् हैदराबादचं काय? मला पळायचंय तिथं."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, ही बाई शुद्धीवर आहे का म्हणून. मीही नवऱ्याकडे बघितलं. त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती. त्याने ती सरकवली. फार नाही, वीतभरच. मुद्दाम सरकवली असंही म्हणणार नाही मी. पण मला ती वीत दिसली आणि डॉक्टर पुढं काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही.

परतताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तो माझ्या मागच्या सीटवर बसला. सगळी वाट मी खिडकीला डोकं टेकून होते आणि मागून तो मधूनमधून विचारत होता, "पानी पाहिजे का?"

मापात बसलेलं खोटं

त्याच संध्याकाळी घरात बैठक बसली. माझी नणंद अर्चना तेव्हा एकोणतीसची होती. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं. आता उदगीरचं चांगलं स्थळ आलं होतं, बोलणी चालू होती. सासूबाई म्हणाल्या, "घरात असला रोग हाय म्हनलं की कोन नेतंय पोरीला? हिची कंबर गेली म्हना. मशीनवर बसून बसून गादी सरकली."

खोटं कसं बेतावं ते आमच्या सासूबाईंकडून शिकावं. कुठं चुणी नाही, कुठं ओढ नाही. नांदेडला माझ्या भावाचा फ्लॅट होता, भाऊ पुण्याला असल्याने रिकामाच. औषध संपेपर्यंत मी तिथं राहायचं, गावाला सांगायचं डॉक्टरांनी पाठ टेकून पडायला लावलंय.

अर्चना दारातच उभी होती. म्हणाली, "वहिनी, माझं एकदा होऊ द्या. मग तुमी गावात दवंडी द्या, मी काई म्हननार न्हाई." तिचे डोळे भरले होते. मी शब्द दिला.

माझी मुलगी श्रुती सातवीत होती. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तिचीही झाली, कोणालाच काही निघालं नाही. तिला सांगितलं, तपासणीचा कागद शाळेत दाखवायला लागतो. आणि मम्मीची कंबर दुखते. लहान पोर आहे, कुठंतरी बोलून जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही मान हलवली. निघताना ती गळ्यात पडायला आली, तर मी हात आडवा धरला. "कंबर दुखती, लांबूनच," म्हणाले.

नांदेड

पहिले काही दिवस दवाखान्यात काढावे लागले, कारण रक्त थांबत नव्हतं. त्या वॉर्डाचे दिवस मला आजही बरे वाटतात, सांगितलं तर लोक हसतील. सकाळी सिस्टर गोळ्या घेऊन यायची, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. पहिल्या दिवशी लघवी लालभडक झाली तेव्हा मी ओरडले. शेजारच्या खाटेवर कंधारकडच्या गयाबाई होत्या, त्या म्हणाल्या, "बोंबलू नको बाई. गोळीचा रंग हाय त्यो. मी तर पयल्या दिवशी घरी निरोपच धाडला होता, येऊन तोंड बघून जावा म्हून."

गयाबाईंच्या डब्यातली भाकर मी खायची आणि माझ्या डब्यातलं वरण त्या प्यायच्या. दोघींनाही एकच रोग, कोणाला कोणाची भीती? एवढ्या महिन्यांत माझ्या ताटात हात घालून जेवलेलं माणूस म्हणजे त्याच. त्यांना सुट्टी झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

मग फ्लॅट. तिथं खरं आजारपण सुरू झालं. गोळ्यांनी मळमळायचं, सांधे दुखायचे, ते सगळं सोसवतं. पण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एक शब्द बोलायला कोणी नाही, हे सोसवत नाही. आपल्याकडे कोणी आजारी पडलं की अख्खी गल्ली बिस्किटाचे पुडे घेऊन बघायला येते, डोकं उठवते, चार अपशकुनी गोष्टी सांगून जाते. मला त्याचा किती राग यायचा! आता माझ्याकडे एक पुडा आला नाही. येणार कसा? मला भेटायची मनाई आहे असं घरच्यांनीच पसरवलं होतं.

फोन मात्र यायचे, कंबरेसाठी. एकीने तिळाच्या तेलाचा शेक सांगितला, एकीने माहूरच्या रेणुकेला नवस बोलायला सांगितलं. मी खोकला दाबत म्हणायची, "हो, आता जरा बरी हाय कंबर." फोन ठेवल्यावर खोकून खोकून बेजार व्हायची. शेजारच्या फ्लॅटमधला कुकर वाजला की बरं वाटायचं, पलीकडे कोणीतरी स्वयंपाक करतंय म्हणून. मी त्या कुकरच्या वेळेला जेवायला बसायची. एवढी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते. रडायची सुद्धा मोठ्याने, ऐकायला कोण होतं?

श्रुतीचा फोन आधी रोज यायचा. "कवा येनार?" मग दोन दिवसांनी यायचा. मग मीच लावायची आणि पलीकडून नुसतं "हं" यायचं.

दोन-तीन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, घरी जा, गोळ्या चालू ठेवा. मी नाचतच घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "पुरा कोर्स होऊ दे बाई. उदगीरची मानसं येऊन जाऊन राहिली घरात." नवरा काही बोलला नाही. दर आठवड्याला यायचा तो, पिशवीभर भाजी, अंडी, शेंगदाणे आणायचा. दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि शेवटच्या बसची वेळ विचारत राहायचा. वाईट माणूस नाही. पण मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

घरी, पट्टा बांधून

कोर्स संपला, डॉक्टरांनी बऱ्या झालात म्हणून सांगितलं, मी घरी आले. अर्चनाचा साखरपुडा झालेला होता, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं. तोवर खोटं निभवायचं होतं. म्हणून मी कंबरेला पट्टा बांधून माझ्या शिवणाच्या दुकानात बसायची. बायका हळहळायच्या. माझ्या ताटाला सासूबाईंनी नेलपेंटचा लाल ठिपका लावून ठेवला होता, चुकून मिसळू नये म्हणून. रोज ते ताट मी स्वतः घासून वेगळं ठेवायची.

श्रुती आजीजवळ झोपायला लागली होती. मी तिला हाक मारली की "काय?" म्हणायची, जागची हलायची नाही. एकदा मला म्हणाली, "रेश्माच्या मम्मीची पन कंबर दुखती. ती घरीच असती. कंबर दुखती म्हून कोन इतके महिने पोरीला सोडून राहतं?" शब्द दिलेला होता. "मोठी झाली की सांगीन," एवढंच म्हणाले. तिने तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिली होती. पण गादी सरकलेली बाई अहमदपुरात पळणार कशी? मग आणखी एक खोटं बेतलं, या वेळी मीच. रविवारी कंबरेच्या शेकासाठी नांदेडला जायचं. पिशवीत तळाशी बूट, वर टॉवेल. बसमध्ये कंडक्टर मला हाताला धरून चढवायचा, "सावकाश ताई." नांदेडला उतरले की पट्टा सोडून पिशवीत टाकायचा आणि गोदावरीच्या काठाने पळायचं. सुरुवातीला दोन विजेच्या खांबांमधलं अंतरही जाईना. छाती भरून यायची, तो जुना खोकला परत आला की काय अशी भीती वाटायची. थांबायची, रुमालावर थुंकून रंग बघायची आणि परत पळायची. एक वर्ष हुकलं होतं, पण मला हैदराबादला जायचंच होतं. का, ते विचाराल तर नीट सांगता यायचं नाही. माझं शरीर मला परत मिळालंय हे कोणीतरी बघावं असं वाटत होतं. घरात तर ते कोणाला बघायचंच नव्हतं.

एका रविवारी परत आले तर श्रुतीने पिशवी उघडली, तिला चिवडा पाहिजे होता. तळाशी चिखलाचे बूट निघाले.

"शेक घ्यायला बूट लागतात?"

मी बूट परत पिशवीत कोंबायला लागले.

"तू पळायला जाती. म्हंजी कंबर दुखतच न्हाई तुझी. तवा बी दुखत नसल." तिचा आवाज चिरकला. "तुला आमी नकोच होतो. नांदेडला मजेत राहून पळत होतीस."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, मी काय बोलते म्हणून. मी पिशवी उचलली आणि आत गेले. ती पोर त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनाशी झाली. मला टीबीने जेवढं मारलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्याने मारलं.

हैदराबाद

जायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "जा. पन फोटो कुटं टाकू नको." मी एकटी गेले. शर्यत सुरू व्हायच्या ठिकाणी हजारो माणसं, घोळक्या-घोळक्याने, सारखे टी-शर्ट घालून, एकमेकांना पिना टोचून नंबर लावून देत होती. माझा नंबर मी स्वतःच लावला, तिरका लागला. शेजारची मुलगी "ऑल द बेस्ट आंटी" म्हणाली, तेवढंच.

पहिले दहा किलोमीटर छान गेले. उड्डाणपुलावर चढताना अख्खं शहर खाली, आणि मला वाटलं, कोणी ओळखत नाही, पट्टा नाही, हळहळ नाही, पळ बाई. मग पूल उतरल्यावर पुढे कुठंतरी धुळीचा झोत आला आणि खोकला सुरू झाला. थांबेना. मी कठड्याला धरून वाकले. रुमाल तोंडाला लावला आणि डोळे मिटून घेतले, कारण तो बघायची हिंमत नव्हती.

"क्या हुआ अम्मा? दम भर गया क्या?"

पाणी वाटणारी एक बाई होती, बुरख्यावर पिवळं जाकीट घातलेली. माझ्याच वयाची, आणि म्हणे अम्मा! एरवी मी सुनावलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "टीबी था मेरे कू. अब नै है. डर लगता."

परक्या माणसाला मी हे पहिल्यांदा सांगितलं. वाटलं, आता हिचा हात मागे जाईल. तिने तो माझ्या पाठीवर ठेवला आणि चोळायला लागली.

"हमारे अब्बा कू भी था. अब दिन भर चाय पीते, सब पे चिल्लाते बैठते. दिखाओ रुमाल." तिनेच उलगडून बघितला. "कुछ नै है. धूल है. पानी पीओ, जाओ."

रुमालावर खरंच काही नव्हतं. मी पाणी प्यायले आणि तिथंच उभी राहून रडले. दुःखाने नाही, संतापाने. एका अनोळखी बाईला कळतं ते माझ्या पोरीला कळू नये? मी काय चोरी केली होती? उरलेलं अंतर मी अर्धं पळत, अर्धं चालत काढलं आणि सगळी वाट एकच ठरवत होते, की शेवट आला की आधी फोन.

शेवट आला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी फूटपाथवर बसून नवऱ्याला फोन लावला. "श्रुतीला द्या."

"झाली का शर्यत? आई हितंच हाय..."

"असू दे. श्रुतीला द्या."

ती आली. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "श्रुती, मला कंबरेचं काई नव्हतं. टीबी झाला होता. तुला लागू नये म्हून मी लांब होते. आता पूर्ण बरा झालाय."

मग बारीक आवाजात, "म्हून तू मला जवळ घेतलं न्हाईस?"

"हो."

"मला वाटलं मी तुला आवडत न्हाई."

मी काही बोलायच्या आत ती घरात मोठ्याने ओरडलेली ऐकू आली, "आजी, मम्मीला टीबी झाला होता, तुला माहीत होतं? पप्पा, तुमाला?" आणि फोन कट झाला. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

नंतर

तुम्हाला धीर द्यायला मी खोटं लिहिणार नाही. गल्लीत कळलं म्हटल्यावर उदगीरला कोणी कळवायच्या आधी नवरा स्वतः जाऊन सांगून आला. हे काम त्याने धीराने केलं. ती माणसं चांगलं बोलली, विचार करून कळवतो म्हणाली. पुढच्या आठवड्यात मध्यस्थ आला, चहा प्यायला आणि साखरपुड्याची अंगठी टेबलावर ठेवून गेला.

अर्चना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "झालं समाधान? मी काय मागितलं होतं तुमाला? चार महिने!" मी तिचा हात धरायला गेले, तिने झटकला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. अर्चनाचं बरोबर होतं. मी शब्द दिला होता आणि मोडला. पण श्रुतीला आणखी चार महिने तसं ठेवणं मला जमलं नसतं. दोन्ही खरं आहे, आणि त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही. अर्चना आजपर्यंत माझ्याशी बोलत नाही.

अंगठी परत आली त्या दुपारी घरात भांड्याचाही आवाज नव्हता. मी वरच्या खोलीत जाऊन आडवी झाले. पायऱ्या वाजल्या. श्रुती आली, उशी घेऊन. काही न विचारता माझ्या अंथरुणावर येऊन पडली. माझं तोंड आपोआप भिंतीकडे वळलं. कोणी जवळ आलं की तोंड फिरवायचं, ही नांदेडला लागलेली सवय अजून गेलेली नव्हती.

"इकडं तोंड कर," ती म्हणाली.

"झोप तू."

"आधी इकडं तोंड कर."

तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं. एवढ्या जवळ, की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता आणि माझा तिला. मी श्वास रोखून धरला होता. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, "सोड की आता." मी श्वास सोडला. ती तशीच माझ्याकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने झोपली.